प्राथमिकच्या वर्गात फासे आणि चिंचोके: संभाव्यता इतक्या लवकर हवी का?

पटावरचा_भिडू

राज्य मंडळाच्या मुलांना संभाव्यता भेटते ती थेट दहावीत, गणित भाग १ मध्ये. नमुना अवकाश लिहा, घटना लिहा, वर एक संख्या, खाली एक संख्या, संपलं. तोवर पोरांनी ल्युडो खेळून स्वतःचा एक सिद्धांत पक्का केलेला असतो: फाशावर सहा पडणं सगळ्यात अवघड. वाट सहाचीच बघावी लागते, दोनची कोण बघतो?

माझं मत, हा समज तिसरी-चौथीतच मोडावा, आणि तो सांगून मोडत नाही. अर्ध्या गटांना नियम बदलून द्या: सोंगटी सहावर नाही, दोनवर बाहेर निघेल. दोनसाठीही तितकंच ताटकळावं लागतं. सहा वेळा फासा टाकूनही हवा तो आकडा एकदाही न पडण्याची शक्यता जवळजवळ तीनात एक आहे. हे मुलांना सांगायची गरज नाही, त्यांची चडफड पुरेशी असते.

मग दोन फाशांची शर्यत. फळ्यावर २ ते १२ नंबरचे घोडे, जी बेरीज येईल तो घोडा एक घर पुढे. ७ सहा प्रकारे येतो, १२ एकाच प्रकारे. हे बोटांवर मोजता येतं, अपूर्णांक लागत नाहीत. अट एकच: फासे टाकण्याआधी प्रत्येकाने आपला घोडा वहीत लिहायचा. नाहीतर नुसता दंगा.

सूत्रधारी

असहमत. घोडे छान पळतील, पण नाण्याचं काय? २० वेळा नाणं उडवलं तर बरोबर १० छापे येण्याची शक्यता १७-१८ टक्के. चाळीसच्या वर्गात सातेक जणांना 'बरोबर' उत्तर मिळणार. उरलेले वहीत काय लिहून घरी जाणार? कुणाचे ७, कुणाचे १३.

जुनं उदाहरण घ्या. दोन नाणी उडवली तर निदान एक छापा येण्याची शक्यता किती? दालांबेरसारख्या गणितज्ञाने १७५४ साली फ्रेंच विश्वकोशात दोन-तृतीयांश लिहिलं. खरं उत्तर तीन-चतुर्थांश. २० फेकींत त्याच्या हिशोबाने साधारण १३ वेळा, खऱ्या हिशोबाने १५ वेळा. एवढ्या फरकाचा निवाडा एका पोराच्या हातातली नाणी करू शकत नाहीत, उलट चुकीचं उत्तर पक्कं करून देतील.

इंग्लंडने २०१४ च्या अभ्यासक्रमात संभाव्यता प्राथमिकमधून काढली. अमेरिकेत बहुतेक राज्यांनी घेतलेली २०१० ची मानकं ती सातवीत सुरू करतात. त्यांनी करून पाहून मागे घेतलंय, आणि आपण आता सुरू करायचं?

पटावरचा_भिडू

एका पोराच्या फेकी एकट्या बघायच्याच कशाला? फळ्यावर बेरीज करा. चाळीस जणांच्या वीस-वीस म्हणजे ८०० फेकी. दालांबेर म्हणतो ५३३, आपण म्हणतो ६००. एवढ्या फेकींत आकडा दहावीसने इकडेतिकडे होतो, सदुसष्टने नाही. एकट्याचा आकडा उड्या मारतो आणि वर्गाचा स्थिरावतो, हाच तर धडा आहे. तुमची ७ आणि १३ वाली मुलं मला हवीच आहेत.

जॉन केरिच नावाचा गणितज्ञ दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये नजरकैदेत होता, तिथे त्याने १०,००० वेळा नाणं उडवलं. ५,०६७ छापे आले. त्याच्याकडे वेळ होता, आपल्याकडे पोरं आहेत.

बाकी न्यूझीलंडने प्राथमिकमधून काढलेली नाही. देशांची यादी दोन्ही बाजूंनी करता येते.

सावध_पालक

म्हणजे आता शाळेत फासे. उद्या मटका का?

पटावरचा_भिडू

मटक्यात एकेरी आकडे दहा आणि पैसे मिळतात नऊपट. हा हिशोब पाचवीच्या पोराला जमावा असं मला तरी वाटतं.

बहुवर्ग_बाई

चाळीस पोरं कुठल्या शाळेत, सर? माझ्याकडे पहिली ते चौथी मिळून अठरा, आणि मी एकटी. निपुणची (सरकारच्या पायाभूत वाचन-गणित मोहिमेची) चाचणी हातच्याच्या वजाबाकीवर होते, घोड्यांवर नाही. त्यामुळे सूत्रधारींचं कारण पटलं नाही तरी वेळेच्या बाबतीत मी त्यांच्याच बाजूला.

शर्यत मात्र मी घेते, बेरजेचा तास म्हणून. पहिलीची पोरं ठिपके मोजतात, चौथीची ७ कसा कसा येतो ते लिहितात. वेगळा तास मागाल तर मिळणार नाही.

काटाकीछापा

अवांतर: अर्ध्या वर्गाने २० वेळा खरं नाणं उडवून निकाल लिहायचा, अर्ध्याने मनाने. कुठला कागद खोटा ते बाईंनी ओळखायचं. खऱ्यांपैकी चारातल्या तीन कागदांवर कुठेतरी सलग चार छापे किंवा सलग चार काटे सापडतात. मनाने लिहिणारे सलग तिसऱ्यालाच बिचकतात. वर्गात जादू केल्याचा आव आणता येतो.

सूत्रधारी

बेरजेची युक्ती मान्य. पण ती करणारा शिक्षक किती ठिकाणी असेल? उपक्रमाचा फोटो ग्रुपवर पडला की उपक्रम झाला. फळ्यावरची ८०० ची बेरीज फोटोत येत नाही, फासे टाकणारी पोरं येतात. आणि नाण्याचं उत्तर मुलांना आधीच ठाऊक असतं, मग उडवायचं तरी कशाला?

बहुवर्ग_बाई

म्हणून चिंचोके घ्या. फोडून एक बाजू पांढरी, एक काळी. पटावर पोरं तेच टाकतात. पांढरी बाजू किती वेळा वर येईल हे ना मला माहीत, ना पुस्तकाला. टाकूनच बघावं लागतं. खर्चही नाही.

सूत्रधारी

हे आवडलं. पण मग सगळ्यांच्या फेकींची बेरीज चालणार नाही. नाणी एकसारखी असतात, चिंचोके नसतात. कुणाचा जास्त घासलेला, कुणाचा फुगीर. अठरा पोरांचे अठरा चिंचोके म्हणजे अठरा वेगळी उत्तरं.

बहुवर्ग_बाई

मग चिंचोका एकच ठेवायचा आणि तोच अठरा जणांत फिरवायचा. आठवडाभर परिपाठानंतर पाच मिनिटं, निकाल भिंतीवरच्या तक्त्यावर रेघा मारून. पोरांनी तो हरवला नाही म्हणजे मिळवलं.