विषय: रेश्तेलोचा बॅनर – "चार वेळा" की "एकदा"? (उद्या ५ पर्यंत कळवा)

प्रेषक: मृणाल (सचिव)

मंडळी,

रविवारी आपण लिस्बनच्या बेलेनेन्सेस ह्या फुटबॉल क्लबची मॅच बघायला त्यांच्या रेश्तेलो स्टेडियमवर जातोय, त्या बॅनरची फाईल उद्या संध्याकाळी ५ च्या आत प्रेसवाल्याला द्यायचीये, नाहीतर रविवारी हातात मिळत नाही. तीन मीटर बाय ऐंशी सेंटिमीटर, निळ्यावर पांढरी अक्षरं. वरची ओळ ठरलेली आहे, तिच्याबद्दल आता कोणी तोंड उघडू नका. प्रश्न खालच्या ओळीचा. नानांनी लिहून दिलंय, "चार वेळचे पोर्तुगाल विजेते". केदारचा फोन आला की चार नाही, एकदाच. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, मला फक्त आकडा द्या.

आणि गणपतीतलं "सुस्वगतम्" पुन्हा होऊ देऊ नका. ह्या वेळी वाचा आणि मग हो म्हणा.

– मृणाल

ता.क. तिकिटं २६ झाली. पैसे परागकडे, माझ्याकडे नाही.

प्रेषक: नाना

मृणाल, आकडा चारच. १९२७, १९२९, १९३३, १९४६. लिहून ठेव.

पहिली तीन "काम्पिओनातु द पुर्तुगाल" ह्या स्पर्धेची. म्हणजे काय? पोर्तुगालचं अजिंक्यपद. आणखी काय पुरावा हवा? १९२२ पासून पुढे बारा वर्षं देशाचा विजेता ठरवायला दुसरी स्पर्धाच नव्हती. तेव्हा जे जिंकले ते विजेते नव्हते, तर कोण होते, पाहुणे?

आणि त्यातल्या पहिल्या दोन वेळा संघात पेपे होता. रेआल माद्रिदवाला नव्हे रे पोरांनो, त्याच्या कितीतरी आधीचा. क्लब ज्या बेलें भागातला, तिथलाच गरीब घरातला मुलगा, १९२८ च्या ऑलिंपिकला पोर्तुगालकडून खेळला, आणि १९३१ मध्ये अन्नातून विषबाधा होऊन गेला. वय २३. रेश्तेलोवर त्याचं स्मारक आहे, रविवारी दाखवतो. पोर्तोचा संघ तिथे खेळायला आला की आधी त्याला फुलं वाहतो. पोर्तो, म्हणजे समोरचा संघ! आणि आपण त्याची दोन विजेतेपदं बॅनरवरून खोडणार. वा.

क्रीडा समितीचं काम क्रीडा समितीला करू द्यावं एवढीच विनंती.

प्रेषक: केदार

नाना, पेपेबद्दल आदर आहेच. पण काम्पिओनातु ही बाद फेरीची स्पर्धा होती. हरलात की घरी. लीग सुरू झाली १९३४-३५ ला, सगळ्यांशी दोनदा खेळायचं, गुण मोजायचे. काही वर्षं दोन्ही स्पर्धा बरोबर चालल्या आणि १९३८-३९ पासून बाद फेरीवालीच्या जागी पोर्तुगाल चषक आला. म्हणजे ती लीगची नाही, चषकाची आई.

गंमत बघा, आपली रणजीही १९३४-३५ ला सुरू झाली. त्याच सुमाराला मुंबईत ब्रेबर्नवर क्रिकेटच्या पंचरंगी स्पर्धेला माणसांचा समुद्र लोटायचा. म्हणून पंचरंगी जिंकलेल्याला कोणी रणजी विजेता म्हणतं का? स्पोर्टिंग क्लबवाले असाच हिशेब करून स्वतःची चार विजेतेपदं जादा मागतात, तेव्हा तुम्हीच हसता. आणि ती यादी धरायची तर ओल्यानेन्स (१९२४), मादेइरा बेटावरचं मारीतिमु (१९२६) आणि कार्कव्हेलिन्यूश (१९२८) हेही पोर्तुगाल विजेते. बॅनर सहा मीटरचा करावा लागेल.

"एकदा" ह्यात कमीपणा काय आहे? बेन्फिका, पोर्तो, स्पोर्टिंग ही तीन धेंडं सोडली तर लीग जिंकलेले क्लब दोनच: १९४६ ला बेलेनेन्सेस आणि २००१ ला बोआविश्ता. आणि ते १९४६ तरी कसं! शेवटची मॅच स्पेनच्या सीमेजवळ एल्व्हाशला. आधी गोल खाल्ला, मग २-१ ने जिंकले, आणि बेन्फिकाच्या पुढे एका गुणाने राहिले. एका गुणाने! बॅनरवर लिहायचं तर हे लिहा.

पोर्तुगीज लोक सारखी कुरकुर करणाऱ्याला "रेश्तेलोचा म्हातारा" म्हणतात. मी कोणाचंही नाव घेत नाहीये.

प्रेषक: शुभदा

केदार, एवढी मोठी मेल, त्यात डब्याबद्दल एक अक्षर नाही. वडे आत नेऊ देतात का? मागे एका स्टेडियमवर दारातच माझ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून ठेवून घेतलं होतं. बाटली दिली, झाकण नाही. उघडी बाटली नव्वद मिनिटं हातात धरून बसले, तिसऱ्या गोलाला ती शेजारच्या आजोबांच्या मांडीवर. वडे २६ जणांचे म्हणजे साठ. नेऊ देणार नसतील तर मी बटाटे उकडत नाही, आत्ताच सांगा.

प्रेषक: रमाकांत

शुभदावहिनी, वडे बाहेर गवतावर खाऊ, आत कशाला.

माझं म्हणणं वेगळं. मृणालने काल फोनवर नमुना पाठवला, त्यात डाव्या कोपऱ्यात क्लबचं चिन्ह आहे. लाल क्रूस. हा साधासुधा क्रूस नव्हे, हाच शिडांवर लावून जहाजं बेलेंहून निघाली ती आमच्या दारात येऊन थांबली. क्लबचा जन्म कुठला माहीत आहे ना? २३ सप्टेंबर १९१९, बेलेंच्या चौकातल्या बाकावर. कुठला चौक? आफोन्सु द आल्बुकेर्क! १५१० ला आदिलशहाकडून गोवा घेतला तोच. मी रोज १५ नंबरच्या ट्रामने त्याच्या पुतळ्यासमोरून जातो. तो वर उभा, मी खाली उभा, बसायला जागा त्यालाही नाही, मलाही नाही.

गैरसमज नको. ह्या मंडळात बेलेनेन्सेसचा सर्वांत जुना माणूस मीच. माझा मामा ६१ नंतर गोव्यातून इथे आला आणि त्याला पहिली खोली बेलेंमध्ये मिळाली. त्याने मातातेऊला खेळताना पाहिलंय. लोरेंसु मार्किशहून, म्हणजे आजच्या मापुतोहून, आलेला पोरगा, दोनदा लीगमध्ये सगळ्यांत जास्त गोल त्याचे. मामा सांगायचा, स्टँडमध्ये आम्ही परके, पण चेंडू मातातेऊच्या पायात आला की शेजारचा गोरा माणूस खांद्यावर हात टाकायचा. मॅच संपली की हात काढून घ्यायचा, हेही सांगायचा. मातातेऊचा भाऊ व्हिसेंत, ज्याने ६६ च्या वर्ल्ड कपात पेलेला जखडून ठेवलं, तोही इथलाच.

तेव्हा त्यांच्या शर्टावर क्रूस असो, तो त्यांचा. मराठी बॅनरवर हातभर रुंद नको.

प्रेषक: पराग

रमाकांतबाब, चिन्हावरून आठवलं. तिकिटं रेश्तेलोचीच आहेत, मी दोनदा तपासलीत, कारण माझा एकदा पोपट झालाय.

नव्यांसाठी: २०१८ ला क्लब आणि त्याची व्यावसायिक टीम चालवणारी कंपनी ह्यांची फारकत झाली. कंपनी खेळाडू आणि पहिल्या विभागातली जागा घेऊन जमोरच्या राष्ट्रीय स्टेडियमवर गेली. क्लबकडे उरलं रेश्तेलो, नाव, चिन्ह आणि सभासद. नाव-चिन्ह वापरायला कंपनीला कोर्टाने मनाई केली. मी तेव्हा लिस्बनमध्ये नवा. "बेलेनेन्सेस वि. अमुक" वाचून तिकीट काढलं, निळा मफलर घेतला आणि जमोरला गेलो. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये माणसं मोजता येतील इतकी. मी "बेलें, बेलें" ओरडलो तर दोन रांगा पुढचे गृहस्थ वळून म्हणाले, "बाळा, बेलें इथे नाही."

खरा क्लब तेव्हा लिस्बन जिल्ह्याच्या सगळ्यांत खालच्या विभागात, म्हणजे देशाच्या सहाव्या पायरीवर, खेळत होता. तिथून लागोपाठ पाच वेळा बढती घेत २०२३ ला दुसऱ्या विभागात पोचला, आणि एका मोसमात परत खाली. कंपनीची टीम? २०२१ ला कोविडमुळे बेन्फिकासमोर नऊच खेळाडू उतरले, त्यातला एक गोलकीपर मैदानात पळत होता. हाफटाइमला ०-७, पुढे माणसंच पुरेनात म्हणून मॅच बंद. मग दोन वर्षांत दोनदा खाली घसरली आणि दुसऱ्या क्लबात विलीन झाली.

पैसे अजून नऊ जणांचे बाकी. नावं घेत नाही. आत्ता.

प्रेषक: नाना

केदार, रणजी मला शिकवू नकोस. आणि म्हातारा म्हणायचं तर नाव घेऊन म्हण.

१९८९ चा चषक ह्या डोळ्यांनी पाहिलाय, तेव्हा तू पाळण्यात होतास. लिस्बनला येऊन मला सहा महिने झाले होते. कोपऱ्यावरच्या कॅफेत टीव्ही, मालक कट्टर बेन्फिकावाला. बेलेनेन्सेसने बेन्फिकाला २-१ ने हरवलं. मालकाने टीव्ही बंद केला, माझ्यासमोरची कॉफी उचलून नेली आणि म्हणाला, "कॅफे बंद." दुपारी! त्या दिवसापासून मी निळा. त्याच मोसमात युएफा कपचे चालू विजेते लेव्हरकुझेन ह्यांना दोन्ही मॅच १-० ने हरवून बाहेर काढलं होतं. चषक एकूण तीन: ४२, ६०, ८९. त्यावर तरी वाद नाही ना?

आणि रेआल माद्रिदने १९४७ ला आपलं नवं स्टेडियम उघडलं, आज ज्याला बर्नाबेऊ म्हणतात ते, तेव्हा पहिल्या मॅचला बोलावलं कोणाला? बेलेनेन्सेसला. हरले ३-१, पण आमंत्रण कोणालाही जातं का?

प्रेषक: केदार

> आमंत्रण कोणालाही जातं का?

नाना, आमंत्रण गेलं ते १९४६ च्या विजेत्यांना. १९३३ च्या नाही. माझंच म्हणणं तुम्ही सिद्ध केलंत.

(कॅफेची गोष्ट मागच्या कोजागिरीला तुम्ही "चहा उचलून नेला" अशी सांगितली होती.)

प्रेषक: शुभदा

पराग, आमचे पैसे मी गेल्या शनिवारी दिले, कोपऱ्यात घडी केलेली वीसची नोट, वहीत बघ. रमाकांतबाब म्हणतात ते बरोबर, बाहेर खाऊ. म्हणजे वडे नक्की. चटणी कोण करतंय? मागच्या वेळी तीन घरांतून हिरवी आली आणि लसणाची एकही नाही.

प्रेषक: मृणाल (सचिव)

बास.

फाईल गेली. चार काढलं, एक काढलं, क्रूस काढला. खालच्या ओळीत आता एवढंच: "निळ्यांनो, आम्ही आलोय". क्रीडा समितीला विचारलं नाही, सांस्कृतिकलाही नाही. बॅनरचे पैसे सध्या माझ्या खिशातून गेलेत, त्यामुळे तूर्त समिती मीच.

जमायचं रविवारी १ वाजता, रमाकांतबाब म्हणतात त्या बाकांपाशी, पुतळ्याखाली. तिथून चढ आहे, गुडघेवाल्यांनी पराग किंवा केदारच्या गाडीत बसावं.

प्रेषक: नाना

"आलोय" बोलीभाषा झाली. बॅनरवर "आलो आहोत" हवं.

प्रेषक: पराग

मृणालताई, प्रेसवाल्याने प्रूफ मला पाठवलंय, तुमचा फोन लागत नाही म्हणाला. "निळ्यांनो" मधल्या ळ्याच्या जागी चौकोन दिसतोय. त्याच्याकडचा फॉन्ट ळ ओळखतच नाही. विचारतोय, हे अक्षर फार गरजेचं आहे का?

प्रेषक: मृणाल (सचिव)

त्याला सांग हात लावू नको. मी ओळीचं चित्र करून दहा मिनिटांत पाठवते. आणि नाना, आता चित्रच करायचंय तर "आलो आहोत" करते, पण ह्यापुढे एक शब्द नाही.