परकी प्रजाती आली तर नेमकं काय बिघडेल, हे आधी ओळखता येतं का?

निळी_शाई
नमस्कार मंडळी. गोड्या पाण्यातल्या परक्या प्रजातींसाठी जोखमीचा तक्ता बनवतेय. पिल्लं किती, वाढ किती झपाट्याची, तापमान किती सोसते, असे गुण देऊन बेरीज केली. मार्गदर्शकांनी तक्ता पाहिला आणि एवढंच विचारलं, "ही इथे तग धरेल हे कळलं. पण करेल काय?" गुणधर्मांवरून परिणाम सांगता येतो, की सगळा अंदाजपंचे कारभार आहे?

तळचा_गाळ
मार्गदर्शक बरोबर बोलले. रुजणं वेगळं, नासधूस वेगळी. भरमसाट पिल्लं देणारी प्रजाती टिकण्याची शक्यता जास्त, यापलीकडे त्या रकान्यातून फारसं हाती लागत नाही. कुणीतरी लगेच 'दहाचा नियम' सांगेल (दहातली एक रुजते, रुजलेल्या दहातली एक त्रास देते), तर तो फार मनावर घेऊ नका. युरोप आणि उत्तर अमेरिका यांच्यात इकडून तिकडे नेलेल्या पृष्ठवंशीय प्राण्यांत हे प्रमाण प्रत्येक टप्प्यावर निम्म्याच्या आसपास निघालं होतं.

तक्त्याला पाया हवा असेल तर 1999 साली पार्कर आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं साधं सूत्र घ्या: एकूण परिणाम म्हणजे किती क्षेत्रात पसरली, गुणिले तिथली घनता, गुणिले एकेका जिवाचा परिणाम. यातली तिसरी गोष्ट प्रयोगशाळेत मोजता येते. माझं रोजचं काम तेच. काचेच्या भांड्यात एक भक्षक सोडायचा, भक्ष्य आधी दोन, मग चार, आठ, सोळा असं वाढवत न्यायचं आणि ठरावीक वेळाने किती उरले ते मोजायचं. शेजारच्या भांड्यात तेवढ्याच आकाराचा स्थानिक भक्षक. भक्ष्य कमी असताना दोघांत फरक दिसेलच असं नाही. वाढवत गेलं की स्थानिकाचा आलेख आडवा होतो आणि उपद्रवी पाहुण्याचा बहुतेक वेळा चढतच राहतो. काळा समुद्र आणि कॅस्पियनच्या भागातून युरोपभर पसरलेला डायकेरोगॅमरस विलोसस हा कोळंबीसारखा जीव बघा. भक्ष्य मारतो, कुरतडतो, अर्धवट टाकतो आणि पुढच्याला धरतो. पोट भरलं म्हणून थांबेल हा हिशोब त्याला लागू नाही. या दोन आलेखांच्या गुणोत्तराला घनतेच्या गुणोत्तराने गुणलं की तुलना करण्याजोगा आकडा मिळतो.

शंकासुर
भांड्यातलं गणित तळ्यात चालतं का हो? तिथे खोली, प्रवाह, रात्र-दिवस, दुसरे भक्षक, सगळंच आलं. मला तर 'दुसरीकडे काय केलं' हा इतिहास जास्त भरवशाचा वाटतो.

तळचा_गाळ
इतिहास एकटा सर्वात उपयोगी, हे मान्य. पण तोही आंधळेपणाने वापरला की फसवतो. मायसिस कोळंबीचंच घ्या. कॅनडातल्या कूटनी सरोवरात ती 1949 मध्ये सोडली आणि तिथले कोकॅनी मासे चांगले पोसले. ते पाहून इतरांनीही ती आपापल्या सरोवरांत सोडली. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या फ्लॅटहेड सरोवराच्या वरच्या अंगाच्या सरोवरांतून वाहत येऊन ती 1981 मध्ये फ्लॅटहेडमध्ये सापडली आणि दशक संपायच्या आत तिथले कोकॅनी जवळपास नाहीसे झाले.

कारण बघण्यासारखं आहे. ही कोळंबी दिवसा खोल तळाशी असते आणि अंधार पडला की वर येते. कोकॅनी उजेडात, नजरेने शिकार करतात, म्हणजे दोघांची गाठच पडत नाही. शिवाय ती रात्री वर येऊन त्यांचंच खाणं, म्हणजे पाण्यात तरंगणारे डॅफनियासारखे बारीक जीव (प्लवक), फस्त करते. तळाशी राहणाऱ्या लेक ट्राउट माशांच्या पिल्लांना मात्र आयती मेजवानी मिळाली, ते वाढले आणि त्यांनी उरलेल्या कोकॅनींवर ताव मारला. अंडी घालायला वरच्या ओढ्यात जाणारे मासेच संपले, तेव्हा त्यांच्यासाठी शेकड्यांनी जमणारे गरुडही यायचे थांबले. कूटनीच्या ज्या भागात यश दिसलं होतं तिथे प्रवाह कोळंबीला उथळ पाण्यात ढकलत होता. एवढी एक भौतिक गोष्ट कुणी तपासली असती तर पुढचं बरंच टळलं असतं.

म्हणून भांडंही हवं, इतिहासही हवा, आणि 'ती कुठे, किती वाजता, कोणाला भेटते' हेही हवं.

निळी_शाई
आणि जिचा इतिहासच नाही ती?

तळचा_गाळ
मग आधी यजमान जागेकडे बघा. पॅसिफिकमधल्या गुआम बेटावर तपकिरी वृक्षसर्प आला, बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानातून. मूळ मुलखात तो असं काही उपद्व्याप करणारा म्हणून ओळखला जात नव्हता. पण गुआमच्या पक्ष्यांचा अशा सापाशी कधी संबंधच आला नव्हता. 12 स्थानिक वनपक्ष्यांपैकी 10 तिथल्या जंगलातून गेले. तेव्हा एक रकाना असा काढा: या जातीचा, निदान या धाटणीचा जीव इथे आधीपासून आहे का? नसेल तर गुण चढवा, बाकीचे रकाने काहीही म्हणोत.

शंकासुर
आणि घनता? सूत्रातला तो भाग कोण सांगणार?

तळचा_गाळ
ती सगळ्यात अवघड. झेब्रा शिंपल्यांसारख्यांत पाण्यातलं कॅल्शियम बघून थोडाफार अंदाज बांधता येतो, कारण कवच घडवायला ते लागतंच. बाकी ठिकाणी मी एक आकडा देत नाही, कमीतकमी आणि जास्तीतजास्त असे दोन देतो. मार्गदर्शक कुरकुरतील, पण तक्त्यात दोन्ही ठेवा.