साथीच्या काळात नर्सिंगचे प्रात्यक्षिक कसे पूर्ण करावे?

प्रश्न (जीएनएम म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी ही नर्सिंगची पदविका, अंतिम वर्ष, सोलापूर):
साथ पसरल्यामुळे वॉर्डातील प्रवेश थांबला, तर प्रात्यक्षिकाचे तास कसे भरून काढावेत? घरच्यांचा साथीच्या वॉर्डाला विरोध आहे.

उत्तर (नर्सिंग शिक्षिका):
व्याख्याने ऑनलाइन होतात. शिरेत सुई लावणे किंवा कॅथेटर घालणे मात्र पडद्यावर शिकता येत नाही, म्हणून तेवढा भाग प्रयोगशाळेत पुतळ्यावर, लहान गटांत करावा आणि लॉगबुकात शिक्षिकेची सही घ्यावी. हे तास ग्राह्य धरले जातील का, ते प्राचार्यांकडून आधीच लेखी घ्या. तोंडी आश्वासन परीक्षेच्या वेळी उपयोगी पडत नाही.

उत्तर (परिचारिका, सिव्हिल):
मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने अंतिम परीक्षेच्या प्रतीक्षेतील जीएनएम व बीएस्सी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनाही ज्येष्ठ अध्यापकांच्या देखरेखीखाली पूर्णवेळ कोविड सेवेत घेण्याची मुभा दिली होती आणि किमान १०० दिवस सेवा करणाऱ्यांना नियमित सरकारी भरतीत प्राधान्य जाहीर केले होते. तशी संधी पुन्हा आली, तर संमती देण्यापूर्वी विमा, पीपीई किट, मानधन आणि वेगळ्या निवासाची सोय विचारावी. घरी वृद्ध असल्यास लसीकरण केंद्रावरील काम मागावे, हे माझे मत.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे, ताई. प्राचार्यांना उद्याच अर्ज देते.