‘प्रगती’तला ‘म’ गेला कुठे?

कोथरूडकर: ‘प्रगती’ ‘गम्’ धातूपासून आला म्हणतात. मग ‘म’ का दिसत नाही? आणि पुण्यातल्या शाळांच्या कागदांवर ‘प्रगतीपुस्तक’, ‘प्रगतिपुस्तक’ दोन्ही दिसतात, बरोबर कोणतं?

व्याकरणप्रेमी: प्र (पुढे) + गम् (जाणे) + ति. ‘ति’ लागताना गम्, नम्, मन्, रम् यांचा शेवटचा अनुनासिक (म् किंवा न्) लोपतो : गति, नति, मति, रति. पाणिनीचा नियमच आहे (अष्टाध्यायी ६.४.३७). ‘उन्नती’ही तशीच, उद् + नम् + ति, पण तिथे दिशा वरची, ‘प्रगती’त पुढची. हा फरक जपायला हवा.

शनिवारपेठी: ‘प्रगतिपुस्तक’ बरोबर. मूळ संस्कृत शब्द ऱ्हस्व, प्रगति. मराठीत सुटा लिहिताना अंत्य इकार दीर्घ होतो, म्हणून प्रगती, प्रगतीचा, प्रगतीने. समासात पहिलं पद मात्र ऱ्हस्वच राहतं : प्रगतिपथ, प्रगतिशील. चूक होते ती इथेच, कारण सुटा शब्द डोळ्यांत बसलेला असतो. पुणे-मुंबई ‘प्रगती एक्सप्रेस’मध्ये दोन पदं सुटी, म्हणून दीर्घ योग्य.

व्याकरणप्रेमी: भर घालतो. ‘इक’ प्रत्यय लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते (इथे ‘अ’चा ‘आ’) : प्रागतिक. ‘प्रगतिक’ लिहू नये.