मदत हवी आहे: राजीनामा न देता पक्ष बदललेल्या आमदाराविरुद्ध मतदाराला अर्ज करता येतो का?

घटप्रभाकाठ:
समजा, आपल्या सीमाभागातला एक आमदार पक्षाच्या चिन्हावर निवडून आला. राजीनामा दिला नाही, पण दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराचा उघड प्रचार करतोय. सामान्य मतदाराला दाद मागता येते का? कुणाकडे? आणि महाराष्ट्र एकीकरण समिती पुरस्कृत आमदाराला हेच लागू का?

कलमवाला:
येते. अर्ज विधानसभा अध्यक्षांकडे करायचा. डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला किंवा निवडणूक आयोगाला देऊन उपयोग नाही. पक्षांतरबंदीच्या नियमांत अर्जदार म्हणून सभागृहाचा सदस्यच धरलाय, पण ओडिशाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २०१३ साली हितसंबंध असलेल्या कुणालाही वाट मोकळी केली.

राजीनामा नाही म्हणून अडत नाही. रवी नाईक खटल्यात (१९९४) ठरलंय की 'स्वेच्छेनं सदस्यत्व सोडणं' वागणुकीवरूनही सिद्ध होतं. म्हणून अर्जात वर्तन मांडा: तारीख, गाव, व्यासपीठ कुणाचं, नेमकी वाक्यं. 'गद्दारी केली' असलं लिहू नका. अर्जावर आणि प्रत्येक जोडपत्रावर सही व दिवाणी दाव्यासारखं व्हेरिफिकेशन (मजकूर खरा असल्याचं निवेदन) हवंच. ते राहिलं तर पुराव्याकडे न बघता अर्ज फेटाळता येतो. व्हिडिओ असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा.

मलप्रभा_खानापूर:
मुख्यमंत्र्यांविरुद्ध राज्यपालांना पत्र दिलं तर तेही पक्षांतर धरतात का?

कलमवाला:
नाही, आणि याचा निकाल आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या आमदाराच्या नावाचा आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये अरभावीचे बालचंद्र जारकीहोळी धरून भाजपच्या ११ आमदारांनी मुख्यमंत्री येडियुरप्पांचा पाठिंबा काढल्याचं पत्र राज्यपालांना दिलं. विश्वासदर्शक ठरावाच्या तोंडावर अध्यक्षांनी त्यांना अपात्र केलं. मे २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो आदेश रद्द केला: नेत्याला विरोध म्हणजे पक्षत्याग नव्हे. शिवाय उत्तराला सात दिवस द्यायचे, तेवढेही दिले नव्हते. घाईनं केलेली अपात्रता टिकत नाही, हे अर्जदारानंही ध्यानात ठेवावं.

त्याच वेळी पाच अपक्षांचीही आमदारकी वाचली. समितीचे उमेदवार कागदोपत्री अपक्ष असतात, त्यामुळे घटप्रभाकाठ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. अपक्षानं सरकारला पाठिंबा दिला, मंत्रीही झाला, तरी तेवढ्यानं अपात्र होत नाही. निवडून आल्यावर पक्षात प्रवेश केला, तर मात्र आमदारकी जाते.

घटप्रभाकाठ:
अध्यक्ष अर्जावर बसूनच राहिले तर?

सीमाभाग_वाचक:
हीच खरी दुखरी जागा. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, मुदतच नाही. २०२० च्या मणिपूर निकालात सुप्रीम कोर्टानं सर्वसाधारणपणे तीन महिने म्हटलंय. तेवढे गेले की हायकोर्टात रिट करा. अर्जाची पोच म्हणूनच जपून ठेवायची.

अपात्र झाला म्हणजे राजकारणातून गेला, असंही नाही. २०१९ मध्ये गोकाकचे रमेश जारकीहोळी, अथणीचे महेश कुमठळ्ळी, कागवाडचे श्रीमंत पाटील अपात्र ठरले. कोर्टानं अपात्रता कायम ठेवली, पण २०२३ पर्यंतची निवडणूकबंदी उडवली. डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत तिघेही भाजपकडून परत आले. मला हे कायद्याचं सगळ्यात मोठं भोक वाटतं.

कलमवाला:
एक राहिलं. नगरसेवकांसाठी हे परिशिष्ट नाही, कर्नाटकाचा १९८७ चा वेगळा कायदा आहे. नगरपालिका असेल तर तिथं निर्णय डीसी देतात. ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढवतच नाहीत, तिथं हा प्रश्नच नाही.