अनुभव धागा : इंग्रजी नामांची वचने आपण कुठे आणि का चुकलो?

इंग्रजी नामांची 'फीट', 'माइस', 'ऑक्सन' यांसारखी अनियमित अनेकवचने आपण पाठ केलेली असतात, त्यामुळे ती सहसा चुकत नाहीत. चुकतात ते अगदी साधे शब्द, कारण ते लिहिताना आपण नकळत मराठीप्रमाणे मोजत असतो. म्हणून विनंती अशी की, बरोबर रूप कोणते एवढेच न सांगता, चुकीचे रूप आपल्याला त्या वेळी बरोबर का वाटले, हेही प्रत्येकाने लिहावे.

सुरुवात माझ्यापासून करतो. आईच्या आजारपणात औषधांमुळे तिचे केस गळाले, तेव्हा परदेशातील एका सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात मी 'हर हेअर्स हॅव फॉलन आउट' असे वाक्य लिहिले. त्याने उत्तरात धीर देताना तोच शब्द एकवचनी वापरला आणि माझी चूक मला न बोलता कळली. मराठीत 'केस' या शब्दाचे रूप दोन्ही वचनांत सारखे असले, तरी 'केस गळाले' हे क्रियापद अनेकवचनी असते. इंग्रजीत मात्र डोक्यावरचे सगळे केस मिळून एकच वस्तुमान मानले जाते आणि 'हेअर्स' म्हणायचे ते सुटे केस मोजतानाच. 'पैसे आले' या वाक्यातील पैसे इंग्रजीत 'मनी' म्हणून एकवचनी होतात ते याच रीतीने. आणि 'न्यूज' या शब्दाच्या शेवटी 'स' असला, तरी त्याला 'इज' हेच क्रियापद लागते.

कायदेविषयक भाषांतर करणारी एक वाचक : माझी चूक अर्थ बदलणारी होती. भाड्याच्या जागेच्या वादातील कागदपत्रांचे इंग्रजी भाषांतर करताना इमारतीचे बरेच ठिकाणी नुकसान झाले होते, म्हणून मी 'डॅमेजेस' असे अनेकवचन लिहिले. मजकूर तपासणाऱ्या वकिलांनी त्या शब्दाखाली रेघ ओढून विचारले, की भरपाई नेमकी कोणी मागितली आहे? 'डॅमेज' म्हणजे नुकसान, ते कितीही ठिकाणी झालेले असो. आणि कायद्याच्या भाषेत 'डॅमेजेस' म्हणजे त्या नुकसानीपोटी मागितलेली किंवा न्यायालयाने मंजूर केलेली रक्कम. 'पुरावे' या शब्दानेही मला असेच फसवले होते, कारण 'एव्हिडन्स' मोजता येत नाही आणि तीन पुरावे सांगायचे झाले, तर 'थ्री पीसेस ऑफ एव्हिडन्स' असे लिहावे लागते. 'प्रेमिसेस' या शब्दाची हकिगत तर मला फार आवडते. जुन्या दस्तऐवजांत मालमत्तेचे वर्णन एकदा करून पुढे तिचा उल्लेख 'वर सांगितलेले' या अर्थाने 'प्रेमिसेस' असा होत असे. पुढे तोच शब्द त्या मालमत्तेचे नाव बनला. त्यामुळे जागा एकच असली तरी शब्द अनेकवचनीच राहतो, आणि 'प्रेमिस' असे एकवचन केले, की त्याचा अर्थ युक्तिवादाचे गृहीतक असा होतो.

जीवशास्त्राचे एक प्राध्यापक : विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत 'अ बॅक्टेरिया' हे रूप मी वर्षानुवर्षे दुरुस्त करत आलो आहे. एक असेल तर 'बॅक्टेरियम', हे लॅटिन वळण. ग्रीक वळणाचे 'क्रायटेरियन' आणि 'फिनॉमिनन' हे शब्दही अनेकवचनात 'आ'कारान्त होतात. मराठीत आपण 'एक बॅक्टेरिया' म्हणतो आणि मराठीपुरते त्यात काही वावगे नाही. तेच इंग्रजीत नेले की मात्र बिघडते. उलट बाजूची चूक म्हणजे पांडित्याच्या ओढीने केलेले 'ऑक्टोपाय'. तो शब्द मुळात ग्रीक असल्यामुळे त्याला लॅटिन प्रत्यय शोभत नाही. साधे 'ऑक्टोपसेस' चांगले. 'स्पीशीज' मात्र एक असो वा अनेक, तसाच राहतो.

संख्याशास्त्राची एक अभ्यासक : 'डेटा' हे मुळात 'डेटम'चे अनेकवचन. त्यामुळे काही शोधपत्रिका 'डेटा आर' असा आग्रह धरतात, तर इतरत्र 'डेटा इज' सर्रास चालते. मला दोन्ही मान्य आहेत. एकाच लेखात दोन्ही असणे मान्य नाही.

इंग्रजी शिकवणारी एक शिक्षिका : माझ्या वर्गात सर्वांत चिवट ठरलेली चूक 'वन ऑफ माय फ्रेंड' ही आहे. नियम सांगून, फळ्यावर लिहून, वह्यांत दुरुस्त करूनही ती परत येत असे, आणि मुले लक्ष देत नाहीत असा माझा समज झाला होता. तो चुकीचा होता, हे येथे मोकळेपणाने लिहिते. मुलांच्या मनात 'माझा एक मित्र' हे वाक्य असते, आणि त्यात मित्र एकच आहे. मग मी आधी 'माझ्या मित्रांपैकी एक' असे मराठीतच म्हणून घेऊ लागले. 'मित्रांपैकी' या शब्दात अनेकवचन स्वतःच ऐकू येते, आणि पाठोपाठ 'फ्रेंड्स' आपोआप येतो. मुलांना 'पी' म्हणजे वाटाणा या शब्दाची गोष्टही सांगते. पूर्वी 'पीज' हेच एकवचन होते. शेवटच्या 'स'मुळे लोकांना ते अनेकवचन वाटले आणि त्यातून 'पी' हे नवे एकवचन तयार झाले. इंग्रजी ज्यांची मायबोली, तेही मोजताना असेच चुकले होते, हे ऐकल्यावर वर्गातली भीती कमी झालेली मी पाहिली आहे.

एक माजी विद्यार्थिनी : महाविद्यालयाच्या मेळाव्यासाठी परिचय लिहिताना मी स्वतःला 'अलम्नाय' म्हटले होते. ते अनेकवचन आहे. एका पुरुषासाठी 'अलम्नस' आणि एका स्त्रीसाठी 'अलम्ना'. छापण्यापूर्वी एका मैत्रिणीने ते दाखवून दिले, याबद्दल मी आजही तिची ऋणी आहे.