ढगाचा थर पातळ असेल तर चढून वर जावं का?

नवा_पायलट: चार आसनी, एका इंजिनाचं विमान. बर्फ काढायची सोय नाही, फक्त पिटो हीट (वेग मोजणारी नळी तापवायची सोय). उद्या ५००० फुटांवर शून्य अंश, ढग ६००० ते ८०००, वर लख्ख ऊन. मिनिटाला ५०० फूट धरले तर चार मिनिटांत बाहेर. वजनाला भरपूर वाव आहे. तेवढ्यात असा किती बर्फ बसणार?

उजवी_सीट: मी शिकवतो, म्हणून स्पष्ट सांगतो: जाऊ नका. वजन ही दुय्यम गोष्ट. ढगातलं पाणी शून्याखाली जाऊनही द्रवच असतं आणि पंखाच्या पुढच्या कडेला आपटताच गोठतं. चाचण्यांनुसार सँडपेपरइतका खरखरीत थरही लिफ्ट (विमान उचलणारं बल) ३० टक्क्यांपर्यंत घटवतो, ड्रॅग (हवेचा अडथळा) ४० टक्क्यांपर्यंत वाढवतो. तुमची चार मिनिटं स्वच्छ पंखाची आहेत. बर्फ धरला की ५००चे ३०० होतात, मग १००, आणि अशा थरात सर्वांत जास्त पाणी बहुधा माथ्याजवळच असतं. म्हणजे चढण संपत येते तिथेच बर्फ जोरात. त्या मार्गावर किमान सुरक्षित उंची किती?

नवा_पायलट: ५८००.

उजवी_सीट: मग बर्फ वितळेल अशा हवेत उतरायला जागाच नाही. विमानाच्या हँडबुकमध्येही मनाई असेल, बघा.

ढगवाचक: बर्फ काढायची यंत्रणा असली तरी निश्चिंत राहू नका. ३१ ऑक्टोबर १९९४ला अमेरिकेत रोझलॉनजवळ एटीआर-७२ हे प्रवासी विमान कोसळलं, ६८ जण गेले. त्याला डी-आयसिंग बूट (पंखाच्या पुढच्या कडेवरचे, फुगून बर्फ फोडणारे रबरी पट्टे) होते. मोठ्या थेंबांचा बर्फ बुटांच्या मागे साचला.

नवा_पायलट: उद्याचं रद्द. पण कधी अनपेक्षित सापडलोच तर? ऑटोपायलटवर वळून मागे?

उजवी_सीट: ऑटोपायलट आधी काढा. तो उंची राखायला गुपचूप नाक वर ट्रिम करत राहतो, वेग घसरलेला हाताला कळतच नाही. पिटो हीट चालू करा, हलकं वळण घ्या, हवाई वाहतूक कंट्रोलला लगेच कळवा. स्टॉल हॉर्नवर (पंखाची लिफ्ट तुटण्याआधी, म्हणजे स्टॉलआधी, वाजणारा भोंगा) विसंबू नका. तो स्वच्छ पंखासाठी लावलेला असतो, बर्फाचा पंख त्याआधीच स्टॉल होऊ शकतो. शेपटीचा आडवा पंख बारीक, त्यावर बर्फ लवकर धरतो आणि तो तुम्हाला दिसतही नाही. अशा वेळी पूर्ण फ्लॅप (पंखामागच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या) टाकले तर नाक एकदम खाली जाऊ शकतं. म्हणून लांब धावपट्टी निवडा, वेग जास्त ठेवा, आणि हँडबुक वेगळं सांगत नसेल तर फ्लॅप न टाकता उतरा.